अल्गोंक्विनच्या तळ्यावर पहिल्यांदा गळ टाकताना

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन भागात नव्याने आलेली बरीच मराठी कुटुंबं पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात ठरवतात, ‘यंदा वर लेकवर जाऊ आणि मासे पकडू.’ दुकानातून एक रॉड येतो, गाडी भरते, मुलं उत्साहात असतात, आणि दिवसभर गळाला काहीही लागत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं. जाहिरातीत किंवा व्हिडिओत दिसलेल्या मोठ्या ट्राउटच्या मागे माणूस भर जुलैच्या दुपारी काठावर उभा असतो, आणि तो ट्राउट तेव्हा तळ्याच्या तळाशी, गळाच्या आवाक्याबाहेर असतो.

हा लेख अल्गोंक्विन प्रांतिक उद्यानात, हायवे ६० लगतच्या लहान तळ्यांवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. पहिल्या वर्षी लहान मासा पकडा, काठावरून पकडा, आणि घरी नेताना हात आखडता ठेवा, एवढंच मला सांगायचं आहे. असं का, ते तळ्याचा स्वभाव कळला की पटेल, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तळं कसं आहे

हा सगळा प्रदेश कॅनेडियन शील्ड नावाच्या अतिप्राचीन खडकावर बसलेला आहे. हिमयुगाच्या शेवटी बर्फाचे प्रचंड थर मागे सरकले, खडकात खोलगट जागा राहिल्या आणि त्यांत पाणी साठलं. ऑन्टारियोत अशी लहानमोठी अडीच लाखांच्या आसपास सरोवरं आहेत. या खडकावर माती पातळ, त्यामुळे पाण्यात पोषकद्रव्यं कमी. पाणी नितळ असतं, कुठे कुठे झाडपाला आणि दलदलीतून उतरलेल्या रंगामुळे कोऱ्या चहासारखं तांबूसही दिसतं. दिसायला सुंदर, पण माशांना खायला कमी. त्यात वर्षातले चार-पाच महिने वर बर्फ. म्हणून इथला मासा सावकाश वाढतो. लेक ट्राउटच्या मादीला पहिल्यांदा अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला अनेकदा सहा-सात वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. लहान तळ्यातून असे चार मोठे मासे एका शनिवारी गेले, तर ती जागा पुढच्या वर्षी भरून निघत नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं. बर्फ वितळल्यावर वसंतात काही दिवस तळ्याचं सगळं पाणी जवळजवळ सारख्या तापमानाचं होतं, वाऱ्याने वरखाली घुसळलं जातं, आणि खालपर्यंत प्राणवायू पोहोचतो. मग ऊन वाढतं, वरचा थर तापून हलका होतो आणि खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखा बसतो. जुलैमध्ये पोहायला छान वाटणारं वीस अंशांपुढचं पाणी हे वरचं झाकण. लेक ट्राउटला दहा अंशांच्या आसपासचं पाणी लागतं, म्हणून तो खाली उतरतो, पुष्कळदा पंधरा-वीस मीटर किंवा अधिक. बर्फ फुटल्यानंतरच्या थोड्या आठवड्यांत मात्र तोच मासा काठाजवळ फिरत असतो. याउलट स्मॉलमाउथ बास, पर्च आणि पम्पकिनसीड नावाचा नारिंगी पोटाचा छोटा सनफिश यांना कोमट पाणी चालतं. ते उन्हाळाभर खडकांच्या, पडलेल्या ओंडक्यांच्या आणि पाणवनस्पतींच्या आसपास असतात. नवशिक्याचे मासे हेच.

परवाना: इथे घाई करू नका

ऑन्टारियोत १८ ते ६४ वयाच्या माणसाला मासे धरायला परवाना लागतो. त्यासाठी आधी आउटडोअर्स कार्ड काढायचं, जे तीन वर्षं चालतं, आणि त्यावर मासेमारीचा परवाना घ्यायचा. सरकारच्या संकेतस्थळावर हे घरबसल्या होतं, काही दुकानांतही मिळतं. फक्त एका दिवसाचा परवाना घेतला तर आउटडोअर्स कार्ड लागत नाही. आवड लागेल की नाही याची खात्री नसेल तर हा मार्ग चांगला.

परवाने दोन प्रकारचे: स्पोर्ट आणि कॉन्झर्व्हेशन. दुसरा स्वस्त, आणि त्यात मासे ठेवण्याची मर्यादा कमी. उदाहरणार्थ, बासच्या बाबतीत साधारणपणे पहिल्यावर सहा, दुसऱ्यावर दोन. नव्या माणसाने कॉन्झर्व्हेशन घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन. चार जणांच्या जेवणात दोन बास पुरतात, आणि पहिल्या वर्षी सहा लागण्याची शक्यताही नसते.

आता आपल्या लोकांचा जिथे गोंधळ होतो ते. पहिलं: कॅनडात पीआर मिळाल्या दिवशी तुम्ही या कायद्यापुरते ‘रहिवासी’ होत नाही. परवाना घेण्याआधीच्या बारा महिन्यांत सलग सहा महिने इथे राहिलेलं असावं लागतं. नुकतेच उतरला असाल तर बाहेरच्या देशातल्या पाहुण्यांसाठी असलेला, थोडा महाग परवाना घ्यायचा. दुसरं: ६५ आणि त्यावरच्या वयाच्यांना परवाना लागत नाही, ही सवलत कॅनडाच्या रहिवाशांना आहे. व्हिजिटर किंवा सुपर व्हिसावर आलेले तुमचे आई-बाबा सत्तरीचे असले तरी त्यांना ती आपोआप लागू होत नाही. बाबांच्या हातात रॉड द्यायचा असेल तर त्यांच्या नावाचा परवाना काढा. तिसरं: कॅनडात राहणाऱ्या १८ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, वयाचा पुरावा जवळ असावा. भारतातून सुट्टीला आलेल्या भाच्याला मात्र स्वतःचा परवाना नसेल तर परवानाधारक मोठ्या माणसाबरोबरच गळ टाकता येतो, आणि त्याने ठेवलेला मासा त्या मोठ्या माणसाच्या मर्यादेत मोजला जातो.

वर्षातून काही दिवस रहिवाशांना परवान्याशिवाय मासे धरता येतात: फेब्रुवारीतला फॅमिली डेचा वीकेंड, मेमधला मदर्स डेचा, जूनमधला फादर्स डेचा, आणि कॅनडा डेच्या आसपासचा फॅमिली फिशिंगचा आठवडा. त्या दिवसांत कॉन्झर्व्हेशन परवान्याच्या मर्यादा पाळायच्या आणि ओळखपत्र जवळ ठेवायचं. कुटुंबाला पहिली चव द्यायला कॅनडा डेचा आठवडा सर्वांत सोयीचा.

नियमांसाठी सगळा प्रांत २० विभागांत वाटलेला आहे. अल्गोंक्विन १५ क्रमांकाच्या विभागात येतं, शिवाय उद्यानाचे आणि काही तळ्यांचे स्वतंत्र अपवाद असतात. प्रांत सरकार दरवर्षी नियमांची पुस्तिका काढते. तुमचं तळं ठरलं की त्या तळ्याचं नाव तिच्यात शोधा, विभागाचा सर्वसाधारण नियम वाचून थांबू नका. ‘फिश ऑन-लाइन’ नावाच्या सरकारी नकाशावर तळ्यावर बोट ठेवलं की तिथे कोणते मासे आहेत, मुद्दाम बाहेरून आणून मासे सोडले जातात का, हे कळतं.

काठावर कॉन्झर्व्हेशन ऑफिसर येऊन परवाना आणि मासे तपासू शकतात. घाबरण्यासारखं काही नसतं. त्यांना प्रश्न विचारा, बहुतेक वेळा मनापासून माहिती देतात.

उद्यान अल्गोंक्विन या इथल्या मूळ रहिवाशांच्या पारंपरिक प्रदेशात आहे. त्यांना मासेमारीचे आणि शिकारीचे स्वतःचे हक्क आहेत, त्यामुळे कुणी तुमच्यापेक्षा वेगळ्या नियमांनी मासे धरताना दिसलं तर ते बेकायदा आहे असं गृहीत धरू नका.

कधी जावं

ट्राउटचा हंगाम अल्गोंक्विनमध्ये एप्रिलच्या चौथ्या शनिवारी सुरू होतो आणि ३० सप्टेंबरला संपतो. पण तेव्हा कधी कधी तळ्यावर अजून बर्फ असतो. बर्फ साधारण एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला फुटतो.

बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धात उघडतो, आणि त्यामागचं कारण प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. पाणी पंधरा-सोळा अंशांवर गेलं की बासचा नर उथळ वाळूत-खडीत शेपटीने गोल खळगा करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते, आणि नर अंडी-पिल्लांची राखण करत तिथेच थांबतो. त्या काळात तो जवळ आलेल्या कशावरही झडप घालतो, म्हणून तो पकडायला फार सोपा असतो. त्याला काही मिनिटं जरी बाहेर काढलं तरी आजूबाजूचे पर्च आणि सनफिश घरट्यावर तुटून पडतात. मग परत सोडूनही उपयोग नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळीवाडे थांबतात, त्याच समजुतीतला हा नियम आहे. मे-जूनमध्ये काठावरून असा गोल, स्वच्छ खळगा आणि त्यावर घिरट्या घालणारा मासा दिसला तर मुलांना दाखवा, आणि गळ दुसरीकडे न्या.

मेच्या मध्यापासून जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत ब्लॅकफ्लाय असतात. या बारीक काळ्या माश्या कानामागे, केसांच्या रेषेत चावतात आणि रक्त येतं. डास त्यांच्या मागोमाग येतात आणि जुलैभर राहतात. लहान मुलं बरोबर असतील तर मे-जून टाळा. जावंच लागलं तर फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. गडद निळ्या आणि काळ्या कपड्यांवर ब्लॅकफ्लाय जास्त येतात. डीट किंवा इकॅरिडीन असलेलं औषध लावा.

सप्टेंबरच्या शेवटी मेपलची पानं लाल होतात तेव्हा उद्यानात प्रचंड गर्दी असते. ते बघायला जरूर जा, पण मासेमारीची पहिली फेरी त्या दिवसांत ठेवू नका. माझी निवड ऑगस्टचा दुसरा पंधरवडा. पाणी कोमट, माश्या-डास ओसरलेले, बास आणि सनफिश काठाशी, आणि सकाळी धुकं.

पोहोचणं

टोरांटोहून हायवे ४०० ने बॅरी, तिथून हायवे ११ ने हंट्सव्हिल, आणि मग हायवे ६० ने पूर्वेकडे. रस्ता मोकळा असेल तर पश्चिम दरवाजापर्यंत सुमारे तीन तास. शुक्रवारी संध्याकाळी निघाल तर जास्तच. त्यापेक्षा शनिवारी पहाटे पाचला निघा. किराणा, पेट्रोल, बर्फ, गांडुळं यांची खरेदी हंट्सव्हिलमध्येच उरका. गाडी नसेल तर हंगामात टोरांटोहून पार्कबस नावाची सेवा सुटते, तिची चौकशी करा.

हायवे ६० उद्यानातून सुमारे ५६ किलोमीटर जातो आणि पश्चिम दरवाजापासूनचे किलोमीटर हाच तिथला पत्ता असतो. दिवसभरासाठी गाडीचा परवाना लागतो. तो पाच दिवस आधीपासून ऑनलाइन राखून ठेवता येतो, आणि सुट्टीच्या दिवशी तसा ठेवलाच पाहिजे. तंबूची जागा पाच महिने आधी सकाळी सातला खुली होते. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लगेच भरतात.

पहिल्या फेरीला लेक ऑफ टू रिव्हर्स घ्या. ते साधारण ३० किलोमीटरनंतर लागतं. मॅडवास्का आणि नॉर्थ मॅडवास्का या दोन नद्या त्यात येतात, म्हणून ते नाव. तिथे पोहायचा किनारा, स्वच्छतागृहं, दुकान, तंबूची जागा सगळं आहे, त्यामुळे घरातल्या ज्या मंडळींना मासेमारीत रस नाही त्यांचाही दिवस चांगला जातो. तळ्यात लेक ट्राउट आहे आणि स्मॉलमाउथ बास आहे. हा बास मुळात इथला नाही, पर्यटकांना मजा यावी म्हणून साधारण १९०० च्या सुमारास उद्यानाच्या तळ्यांत सोडला गेला. जवळूनच जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलची सोपी वाट जाते. पश्चिमेकडे येताना कॅनू लेक लागतं. टॉम थॉमसन हा चित्रकार जुलै १९१७ मध्ये तिथे बुडाला. तो चित्रं काढायचा, तसाच मासेमारीचा वाटाड्या म्हणूनही काम करायचा. बुडण्याचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल नीट सांगतो.

पाण्याची भीती असू द्या

शील्डवरच्या तळ्यांचा काठ फसवा असतो. खडक पाण्यात उतरताना दोन पावलं गुडघाभर, आणि तिसऱ्या पावलाला एकदम खोल. ओल्या खडकावर शेवाळ असतं. मे महिन्यात हवा वीस अंशांवर असताना पाणी सहा-सात अंशांवर असू शकतं. अशा पाण्यात पडल्यावर श्वास अडखळतो आणि चांगला पोहणारासुद्धा पहिल्या मिनिटात गांगरतो. आपल्यातल्या कित्येकांना पोहताच येत नाही, आणि ते मान्य करून वागण्यात काही कमीपणा नाही. मुलांना काठावरसुद्धा लाइफजॅकेट घाला, फक्त होडीत नाही. होडीत तर प्रत्येकाच्या मापाचं एकेक असणं कायद्याने सक्तीचं आहे. पहिल्या फेरीला होडी घेऊच नये असं माझं मत आहे. गळ, होडी आणि थंड पाणी या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी शिकायला घेऊ नका.

उद्यानात काळी अस्वलं आहेत. खाणं, कूलर, तेलकट भांडी, माशांची पिशवी यातलं काहीही टेबलावर सोडून जायचं नाही, गाडीत बंद करायचं. मे-जूनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या ओढीने मूस नावाची प्रचंड हरणं हायवेच्या कडेच्या खड्ड्यांत येतात. उंच, काळपट प्राणी पहाटे-संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात उशिरा दिसतो, तेव्हा गाडी सावकाश चालवा.

सामान

विकत घेण्याआधी उसनं मिळतं का बघा. टॅकलशेअर नावाच्या योजनेतून ऑन्टारियोतल्या काही प्रांतिक उद्यानांत आणि ग्रंथालयांत रॉड-रीळ फुकट वापरायला देतात.

घ्यायचंच असेल तर सहा फुटी, मध्यम किंवा हलका स्पिनिंग रॉड-रीळ जोडीनेच मिळतो, तो घ्या. दहा वर्षांखालच्या मुलाला बटणाचा स्पिनकास्ट द्या. बटण दाबून धरायचं, फेकताना सोडायचं, एवढंच त्यात असतं. सहा पौंडांचा ताण सोसणारी मोनोफिलामेंट (एकपदरी) दोरी. आठ किंवा दहा नंबरचे गळ: इथे नंबर जितका मोठा तितका गळ बारीक. दोन-चार फ्लोट, म्हणजे दोरीवर अडकवायचे तरंगते गोळे. लांब चोचीची पक्कड, कात्री, मोजपट्टी, कूलर आणि बर्फ.

वजनासाठी शिसं घेऊ नका. कथील किंवा पोलादाचे मणी मागा. राष्ट्रीय उद्यानांत शिशाच्या लहान वजनांना बंदीच आहे, पण इतरत्र ती अजून दुकानात मिळतात. तुटून तळाशी पडलेलं शिशाचं वजन लून पक्षी खडा म्हणून गिळतो किंवा ते अडकलेला मासा खातो, आणि एवढ्याशा तुकड्याने मरतो. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे तोच हा पक्षी, आणि संध्याकाळी तळ्यावर त्याची लांब हाक ऐकली की तुम्हीही शिशाला हात लावणार नाही.

दुसरं एक काम घरीच करा. प्रत्येक गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो, तो पकडीने दाबून सपाट करा. मासा थोडा लवकर सुटतो खरा, पण सोडताना त्याला इजा होत नाही, आणि मुलाच्या बोटात गळ रुतला तर तो तसाच मागे निघतो.

गाठ, आमिष, टप्पा

गाठ एकच शिका, पण घरी टीव्हीसमोर बसून हात बसेपर्यंत. दोरीचं टोक गळाच्या डोळ्यातून ओवा. ते मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. मग डोळ्यालगत जो छोटा फास तयार झाला आहे त्यातून टोक घाला, आणि त्यामुळे झालेल्या मोठ्या फासातून परत काढा. थुंकीने ओलं करून हळूहळू ओढा. कोरडी ओढली तर घर्षणाने दोरी कमजोर होते. उरलेलं टोक कापा.

गळापासून एक वीत वर एखादा मणी, आणि त्याच्यावर तीन-चार फुटांवर फ्लोट. फ्लोट अर्धा बुडालेला असावा. पूर्ण वर तरंगत असेल तर माशाला ओढ लागते आणि तो सोडून देतो.

आमिष गांडूळ. अख्खं लावू नका. सनफिश आणि पर्चचं तोंड लहान, ते टोकं कुरतडून जातात आणि तुम्ही रिकामा गळ बघत बसता. बोटाच्या पेराएवढा तुकडा गळावर ओवा. अल्गोंक्विनमध्ये जिवंत मासा आमिष म्हणून वापरायला आणि त्यासाठी जवळ बाळगायलाही बंदी आहे. बादलीतून सुटलेली परकी जात एखाद्या लहान तळ्यातल्या ट्राउटचा कायमचा घास काढून घेऊ शकते. उरलेली गांडुळं आणि त्यांची मातीही तिथे टाकायची नाही. या उत्तरेकडच्या जंगलात हिमयुगानंतर गांडुळं नव्हतीच, आणि बाहेरून आलेली गांडुळं जमिनीवरचा पालापाचोळा संपवून जंगलाची मातीच बदलतात. ज्या देशात गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात तिथून आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, पण इथे ते खरं आहे. डबा झाकण लावून घरी न्या.

काठावर

सूर्य उगवल्यानंतरचे दोन तास आणि मावळण्याआधीचे दोन तास उत्तम. पोहायच्या किनाऱ्यापासून दूर जा. जिथे ओढा किंवा नदी तळ्याला मिळते ती जागा, पडलेलं झाड, मोठे धोंडे, झाडाची सावली जिथे पाण्यावर पडते ती कड, अशा ठिकाणी आधी गळ टाका. काठाशी धपाधपा चालू नका, कंपनं पाण्यात जातात. लांब फेकण्याचा मोह आवरा. तीन-चार मीटरवर, ओंडक्याच्या कडेला टाकलेला फ्लोट तळ्याच्या मधोमध फेकलेल्यापेक्षा जास्त कामाचा.

फेकण्याआधी प्रत्येक वेळी मागे बघा. मुलांना पहिला नियम हाच शिकवा. टोपी आणि चष्मा सगळ्यांना.

फ्लोट थरथरला तर थांबा. तो तिरका सरकला किंवा बुडाला की मनगटाने रॉड हलकेच वर उचला. झटका देऊन मासा आकाशात उडवायचा नाही. मग दोरी ताणलेली ठेवून सावकाश गुंडाळा. वीस मिनिटांत काहीच हालचाल नसेल तर आधी फ्लोट खाली-वर करून खोली बदला, मग जागा बदला. एका माणसाने एका वेळी एकच दोरी टाकायची.

मासा काठाला आला की हात ओले करा आणि मगच धरा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगापासून वाचवतो, कोरड्या हाताने तो निघून जातो. सनफिशच्या पाठीवरचे काटे टोचतात, म्हणून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत ते दाबून घ्या. गळ पकडीने काढा. खोल गिळला असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडालगत कापून सोडा. फोटो काढायचा तर तयारी आधी करा, मासा शेवटी पाण्याबाहेर काढा.

ठेवायचा कोणता, खायचा किती

ठेवायचा असेल तर लगेच ठेवा. डोक्यावर एक जोराचा घाव, कल्ल्यापाशी कापून रक्त जाऊ द्या, आणि बर्फावर. दोरीला बांधून तासन्‌तास पाण्यात लटकवलेला मासा तडफडतो आणि चवही जाते. मोठी मादी सोडून द्यावी, मधले-लहान ठेवावेत. त्याला खाण्याच्या दृष्टीनेही आधार आहे. जुना, मोठा, दुसऱ्या माशांवर जगणारा मासा जितका मोठा तितका त्यात पारा जास्त साठतो. प्रांत सरकारची मासे खाण्याबद्दलची मार्गदर्शिका आहे. त्यात तळ्याचं नाव, माशाची जात आणि लांबी यांवरून महिन्याला किती वेळा खाणं ठीक हे सांगितलेलं असतं. गरोदर किंवा पुढे गरोदर राहू शकणाऱ्या स्त्रिया आणि १५ वर्षांखालची मुलं यांच्यासाठी आकडे वेगळे आणि कमी आहेत. घरातल्यांना वाढण्याआधी ते बघा.

मासे घरी नेणार असाल तर तिथे पूर्ण सोलून तुकड्या करू नका. जात ओळखू यावी आणि संख्या मोजता यावी असं पॅक करणं बंधनकारक आहे, म्हणून कातडं ठेवा. तंबूच्या जागी लगेच शिजवून खाणार असाल तर हा प्रश्न येत नाही.

कोकणातली माणसं गोड्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडतात, त्याला मातीचा वास येतो म्हणून. या थंड, खडकाळ तळ्यांतल्या पर्चला आणि बासला तसा वास सहसा नसतो. मांस पांढरं, घट्ट, चवीला सौम्य. त्याला आलं-लसणाचा जाड थर देऊ नका, चव झाकली जाते. मीठ, हळद, थोडं तिखट आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवा, तांदळाचं पीठ आणि रवा समप्रमाणात घेऊन घोळवा, आणि बिडाच्या तव्यावर तळा. पम्पकिनसीड हाताच्या पंजाएवढाच असतो. त्याचे खवले काढून, दोन्ही बाजूंना चिरा देऊन अख्खा तळावा. काटे आहेत, मुलांना वाढताना काढून द्या. शेकोटी फक्त ठरवून दिलेल्या जागी, आणि लाकूड तिथेच विकत घ्यायचं. घरून नेलेल्या लाकडातून झाडं मारणारे किडे पसरतात.

निघताना

आतडी, डोकी, खवले तळ्यात टाकायचे नाहीत आणि झुडपातही नाही. अस्वलं त्या वासाला येतात. दोन पिशव्यांत घट्ट बांधून अस्वलापासून सुरक्षित केलेल्या कचरापेटीत टाका. तुटलेली दोरी गोळा करा, दुसऱ्या कुणाची दिसली तरी. ती पक्ष्यांच्या पायात अडकते.

होडी किंवा कयाक नेली असेल तर काठावरच चिकटलेली पाणवनस्पती काढा, आतलं सगळं पाणी ओता. २०२२ पासून ऑन्टारियोत हे न करता होडी रस्त्याने नेणं बेकायदा आहे. बूट, जाळी, बादली घरी गरम पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच दुसऱ्या तळ्यावर न्या.